अप्पा, तुम्ही दाणे राखायला उतरला नव्हता

प्रिय अप्पा,

तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. लिहायचंच तर आईला, अव्वाला लिहावं. तिच्याशी मी अजूनही चूल पेटवताना बोलते. तुमच्याशी नाही बोलत. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत तुमचं नाव मी फक्त सरकारी कागदांवर लिहिलं, ‘वडिलांचे नाव’ असं छापलेलं असतं तिथं.

मग आजच का? परवा इथं तुळजापूरच्या शाळेत चौथीच्या पोरींना एक गोष्ट वाचून दाखवली. कंजूष म्हाताऱ्याची. जन्मभर मूठ आवळून बसलेला माणूस एकाएकी बदलतो, दोन्ही हातांनी वाटत सुटतो, आणि सगळं गाव त्याला डोक्यावर घेतं. पोरी खूश झाल्या. एकजण मात्र उभी राहिली नि म्हणाली, “बाई, आणि लोकांनी घेतलंच नसतं तर?”

घसा दुखतोय असं सांगून मी पोरींना गणितं घातली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तीन दिवस झाले, अप्पा. तो प्रश्न जात नाही. म्हणून लिहिते.

तुम्ही कंजूष होतात हे मी वेगळं सांगायला नको. आपल्या गावात, लोहाऱ्याच्या बाजारात सकाळच्या पारी कुणी तुमचं नाव घेत नसे. घेतलं तर दिवसभर पोटाला मिळत नाही म्हणायचे. आगपेटीतली एक काडी ब्लेडनं उभी चिरून तुम्ही दोन करायचात. जेवण अर्ध्यावर असताना “घास काय नाकात चाललाय व्हय?” म्हणत चिमणी फुंकून टाकायचात.

आणि ते पीठ! अव्वाचं दळून झालं की डब्यातलं पीठ तुम्ही वरून सपाट करायचात आणि त्यावर तुमचा पंजा उमटवायचात. पाची बोटं, अंगठीसुद्धा. कुणी मूठभर काढलं तर ठसा मोडणार. सकाळी लागेल तेवढं पीठ स्वतःच्या हातानं काढून द्यायचात, आणि पुन्हा पंजा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी पिठावर बापाचा हात असतो.

कोठीची किल्ली तर तुम्ही गळ्यातल्या लिंगाच्याच दोऱ्यात ओवली होती. पूजेला बसलात की तळहातावर लिंग आणि मनगटाशी किल्ली लोंबतेय. अव्वा पदर तोंडाला लावून हसायची. “तुझा अप्पा डोळे मिटून कुणाला बघतो, ते शिवालाच ठाव!”

एक मात्र कबूल करते. मास्तरला काही द्यावं लागू नये म्हणून तुम्ही मला स्वतःच अक्षरं शिकवलीत. दुकान झाडून झालं की धूळ पसरायची आणि बोट धरून गिरवून घ्यायचात. पाटीसुद्धा आणली नाहीत. त्या धुळीतल्या अक्षरांवर मी आज मास्तरीण आहे. तुमच्या कंजूषपणाचं एवढं एकच फळ गोड निघालं.

ती दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. जोंधळा आधी महाग झाला, मग मिळेनासा झाला. सक्तीनं धान्य गोळा करणारी लेव्हीची सरकारी माणसं गावोगाव फिरत होती. तुम्ही दोन पेवं भरून ठेवलीत, एक परसात आणि दुसरं मळ्यात, लिंबाखाली. मुरमात खणलेले खोल खड्डे, तोंड एका माणसापुरतं, आत कडब्याचं अस्तर, वर दगडाची चीप आणि तिच्यावर चिखलाचा लेप. मळ्यातल्या पेवावर तर तुम्ही गवतसुद्धा रुजू दिलंत.

शेजारी रहिमतबी राहायची. तिचा नवरा पिंजारी. कापूस मिळेनासा झाल्यावर सोलापुरात गिरणीत काम बघतो म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पदरात दोन लेकरं. एकदा ती आपल्या परसदारी आली.

“अप्पा, शेरभर जवारी द्या. सुगीत फेडते.”

“हितं दाणाच न्हाय, बाई,” तुम्ही जागचं न हलता म्हणालात. “आमीच आंबील पिऊन ऱ्हातो.”

पेव तुमच्या पायाखाली होतं, अप्पा! तुम्ही त्याच चिपेवर बसून दात घासत होतात!

त्यानंतर अव्वाचे उपवास वाढले. आधी नुसता सोमवार होता. मग गुरुवार आला, मग अमावास्या, मग कुठल्याशा नवसाचा शनिवार. तुम्हाला केवढा अभिमान वाटायचा! “गौरे, तुझी आई लई शिवभक्त हाय,” म्हणायचात. पीठ कमी लागायचं म्हणून नव्हे, खरंच अभिमान वाटायचा, एवढं मी तुमच्या बाजूनं बोलते.

मला ठाऊक होतं. एकदा अव्वा परसातल्या भिंतीशी उभी राहून पदराखालची भाकरी पलीकडं देताना मी पाहिली. तिची स्वतःची भाकरी, तिच्या वाट्याची. तिनं माझा हात धरून आपल्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला. “अप्पाला बोलायचं न्हाय. शपथ हाय तुला.” मी पंधरा वर्षांची होते. शपथ पाळली. आता वाटतं, मोडली असती तर? पण तुम्ही तरी काय केलं असतंत? भिंत वर चढवली असतीत. तेव्हाचे तुम्ही भिंतच चढवली असतीत.

अव्वा वाळत गेली. चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. मग हिवताप आला. मी म्हटलं, उमरग्याहून डॉक्टर आणा. तुम्ही म्हणालात, “काढा दिऊन बघू, उतरंल.” आठव्या दिवशी ती गेली. आपल्यात माणसाला बसवून माती देतात. तिला खड्ड्यात उतरवायला चौघं पुढं झाले आणि एकट्यानंच उचललं. ते तुम्हीही पाहिलंत.

तिसऱ्या दिवशी रहिमतबी आली. दारातच मटकन बसली. रडता रडता म्हणाली, “अप्पा, अक्का मेरे लेकरां को रोज भाकरी देती थी. मला वाटलं, घरात लई हाय, म्हणून मी घेत गेले.”

तुम्ही माझ्याकडं वळलात. “कुठली भाकर, गौरे?”

“तिच्या वाट्याची. अव्वा उपवास करत नव्हती, अप्पा. ती उपाशी होती.”

तुम्ही रडला नाहीत. दुकानात गेलात आणि जोंधळ्याच्या मापात हात घालून बसलात. गिऱ्हाईक आलं, गेलं. सांजेपर्यंत तुम्ही तो हात बाहेर काढला नाहीत.

दुसऱ्या दिवशी गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली काढून माझ्यापुढं ठेवलीत. परसातलं पेव उघडायला घेतलंत. लगेच कुणाला उतरू दिलं नाहीत. दोन दिवस चीप बाजूला ठेवून आतली कोंडलेली वाफ जाऊ दिलीत. मग दोरानं कंदील खाली सोडलात. तो जळत राहिला तेव्हाच माणूस उतरवलात. “दिवा इझला म्हंजी माणसाचा दम बी इझतो,” असं तुम्हीच मला सांगितलंत. “पेवाला घाई करायची न्हाय.”

आणि दुकानासमोर जोंधळ्याची रास घालून तुम्ही उभे राहिलात. या, न्या म्हणालात. गोष्टीत इथं लोक धावत येतात, अप्पा.

आपल्याकडं कोण आलं? पहिला माणूस आला तो लांब उभा राहिला. “ह्याचं याज किती?”

“याज न्हाय. परत बी करायचं न्हाय.”

“मग काय लिहून घेनार? रान?”

“काय बी न्हाय रं बाबा. तू ने.”

त्यानं तुमच्याकडं नीट बघितलं आणि रिकामं पोतं काखेत मारून चालता झाला. एका म्हातारीनं दाणे हुंगले. “इख तर न्हाय न कालवलं?” म्हणाली. काहींनी नेलं, आणि नेताना तोंडावर हसले. बायको मेल्यावर डोकं फिरलं म्हणाले. दोघांनी नेलेलं दुसऱ्या दिवशी आणून टाकलं, मागाहून काय लचांड निघेल या भीतीनं. तुम्ही सगळ्यांसमोर हात जोडून उभे. तुम्हाला हात जोडता येत नव्हते नीट. सवय कुठं होती?

रहिमतबीकडं तुम्ही स्वतः सूप भरून नेलंत. तिनं दार उघडलं, सूप बघितलं.

“अक्काच्या हातचं खाल्लं, अप्पा. हे गळ्याखाली उतरत न्हाय. गुनाह मेरा भी है.” आणि दार लावून घेतलं. सूप उंबऱ्यावर तसंच राहिलं. कोंबड्या टिपत होत्या.

आणि मी? मी तर तुमच्याच घरात होते. तुम्ही माझ्यासाठी हिरवं लुगडं आणलंत, गुळाची अख्खी ढेप आणलीत. मी ढेपेला हात लावला नाही. “अव्वाला द्यायचं होतं ते मला कशाला देता?” असं म्हणाले. शब्द न् शब्द आठवतो. तुम्ही “बरं” म्हणालात आणि लुगड्याची घडी पुन्हा तशीच घातलीत, वाण्याच्या हातानं, काटेकोर.

पुढं सगळं तसंच चाललं. कुणाच्या घरी पाहुणा आला की तुम्ही डाळ पाठवायचात, कुणाच्या लग्नात न बोलावता तेलाचा डबा न्यायचात. लोक हळूहळू घ्यायला लागले, पण तुमच्या ओसरीवर कुणी बसेना. पूर्वी निदान शिव्या द्यायला तरी थांबायचे! गोष्टीतला म्हातारा बदलल्यावर हसत सुटतो. तुम्हाला हसताना मी एकदाही पाहिलं नाही. तुम्ही द्यायला लागलात आणि आणखी एकटे पडलात. मी कामापुरतं बोलत राहिले.

मग निजामाचं राज्य गेलं तो भादवा आला. बाजार बंद, गल्ल्या ओस. मुसलमानाच्या घरावर कोण कधी उठेल याचा नेम नव्हता. रहिमतबीनं आतून कडी लावली ती काढलीच नाही. तिच्या घरातून धूर निघेना. भिंतीपलीकडून लेकरांचं रडणं येत होतं, मग तेही बारीक होत गेलं.

दुकान तोवर रिकामं झालं होतं आणि परसातलं पेवही; मळ्यातलं तेवढं अजून उघडलं नव्हतंत. आपल्याच डब्याच्या तळाशी उरलेलं पीठ तुम्ही कालवायला लावलंत आणि वाटी घेऊन भिंतीशी गेलात. हळूच हाक मारलीत. पलीकडून हात वर आला. तिनं वाटी घेतली, अप्पा! तुमच्या हातून घेतली! त्या वेळी तुमचा चेहरा कसा झाला होता? मी पाहिला नाही. मुद्दाम पाठ करून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून तिचाच आवाज आला. “अप्पा, अजून हाय का? धाकटा डोळे उघडत न्हाय.”

गावात कुणाकडं मागायची सोय नव्हती. कुणासाठी, असं विचारलं असतं आणि ते सांगता आलं नसतं. तुम्ही दोर खांद्यावर टाकलात, पोतं आणि कंदील घेतलात.

“चल गं गौरे. दोर धराया कुनीतरी पायजे. दुसऱ्या कुनाला नेता येत न्हाय.”

“मळ्यातलं पेव? आज उघडून आजच उतरणार?”

“उद्यापत्तर लेकरू ऱ्हात न्हाय.”

“मला धुणं आहे,” मी म्हणाले.

तुम्ही रागावला नाहीत. रागवायला हवं होतं, अप्पा! पूर्वीसारखं ओरडायला हवं होतं, हाताला धरून ओढत न्यायला हवं होतं! तुम्ही नुसतं “बरं, ऱ्हाऊ दे” म्हणालात आणि निघालात.

मी धुणं धुतलं. स्वच्छ लुगडी पुन्हा पाण्यात घातली.

ऊन डोक्यावर आलं तरी तुम्ही आला नाहीत, तेव्हा मी मळ्याकडं निघाले. आधी चालत, मग पळत. लिंबाखाली चीप सरकवलेली होती. दोराचं एक टोक झाडाला बांधलेलं, दुसरं आत. आणि कडेला कंदील होता, विझलेला. म्हणजे तुम्ही तो आत सोडून पाहिला होता. विझतो हे पाहिलंत, बाहेर काढून ठेवलात, आणि मग उतरलात. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मी दोर ओढला. जड लागला, पण हलला. वर आलं ते पोतं होतं, अर्धं भरलेलं, तोंड तुमच्या त्या काटेकोर गाठीनं आवळलेलं. तुम्ही ते भरून बांधलं होतंत, अप्पा. वरून ओढायला कुणी नव्हतं.

माझ्या ओरडण्यानं माणसं आली. त्यांनी आत सोडलेला कंदील जळत राहीपर्यंत पेव निवू दिलं आणि सांजेला तुम्हाला वर काढलं. गुडघे पोटाशी घेतलेले. कुणीतरी म्हणालं, “बघा, अखेरीला दाणं सोडवंनात म्हाताऱ्याला.” दुसरा म्हणाला, “वाटतोय म्हनायचा, आन् हितं एवढं दडवून ठेवलं व्हतं!” मग एका जाणत्यानं मला विचारलं, “दाणं नासलं का ते बघाया उतरला व्हय गं, पोरी?”

मी म्हणाले, “व्हय.”

एवढाच शब्द. त्या शब्दानं मी तुम्हाला दुसऱ्यांदा त्या खड्ड्यात सोडलं.

रहिमतबीचं नाव त्या दिवसांत घेणं धोक्याचं होतं, अशी मी माझी समजूत घातली. खोटी नव्हती ती. पण महिना-दोन महिन्यांत गाव शांत झालं, तरी मी बोलले का? नाही. बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग दोर कुणी धरला? त्याची मला भीती होती. रहिमतबीचं नाव मी आडोशाला धरलं.

पेवातला जोंधळा त्याच सांजेला गावानं गाड्या भरून नेला. या वेळी व्याज कुणी विचारलं नाही. मला ते अर्धं पोतं दिलं. सकाळी मी सूप भरून भिंतीशी गेले आणि हाक मारली. उत्तर नाही. दार नुसतं लोटलेलं. आत चूल थंड, पिंजायची धनुकली खुंटीला, आणि आपली वाटी घासून पालथी घातलेली. ती दोन्ही लेकरं घेऊन गेली की एकच, हे कुणालाच सांगता आलं नाही. कुणी म्हणालं सोलापूरकडं गेली. नंतर मी तुळजापुरातून सोलापूरला गेले की पिंजाऱ्यांच्या दुकानांत विचारायची. एका दुकानात दोनदा विचारलं तेव्हा मालक म्हणाला, “बाई, तुमचं काही देणं लागतंय का?” मग विचारायचं सोडलं.

मामांनी मला इथं आणलं, शिकवलं. लग्न झालं नाही. मी होऊ दिलं नाही. मळा विकला तेव्हा घेणाऱ्यानं आधी लिंबाखाली नारळ फोडला. तिथं मोठा नाग आहे म्हणतात, दाण्यावर जीव अडकलेला म्हातारा नाग होऊन बसलाय म्हणतात. आया लेकरांना तिकडं जाऊ देत नाहीत. तुमच्या हातून घेतलेली डाळ आणि तेल कुणाला आठवत नाही. नाग सगळ्यांना आठवतो.

अप्पा, तुम्ही बदललात त्याचा कुणाला काय उपयोग झाला? अव्वा परत आली नाही. ते लेकरू बहुधा वाचलं नाही. माझं मन तुम्ही असेतो वितळलं नाही, आणि वितळलं तेव्हा तुम्ही नव्हता. रात्रंदिवस शोधून एवढंच हाती लागतं की एका सकाळी एका बाईनं तुमच्या हातून वाटी घेतली. तेवढ्यासाठी माणसानं बदलावं का? मला सांगता येत नाही. तुम्हाला आलं असतं का?

माफी मागत नाही. तुम्ही “बरं” म्हणाल, आणि ते मला सोसायचं नाही.

एक वचन मात्र देते. येत्या सोमवारी सकाळच्या एसटीनं मी लोहाऱ्याला जाणार आहे. त्या सांजेला पेवाशी उभे असलेल्यांतले चार-पाच म्हातारे अजून आहेत, देवळाच्या कट्ट्यावर बसतात म्हणे. त्यांच्यासमोर उभी राहून सांगेन की माझा बाप दाणे राखायला उतरला नव्हता, रहिमतबीच्या लेकरासाठी उतरला होता, कंदील विझलेला बघून उतरला होता. आणि दोर धरायला मला बोलावलं होतं, मी गेले नाही, हेही माझ्याच तोंडानं सांगेन. ते ऐकून कुणाचं काही हलेल अशी आशा नाही. मान डोलावतील, तंबाखू मळतील, एसटी कितीची आहे विचारतील. नाग नागच राहील.

तरी सांगेन, अप्पा. एकदा तरी मोठ्यानं सांगेन.

तुमच्या हाकेला न आलेली,
गौरा